चार चाळीसचा अर्ज

सातवी चिठ्ठी उघडली आणि आधी अक्षर ओळखलं, मजकूर मागाहून वाचला. पोट सुटलेला च, काना देताना दर वेळी थोडी थांबलेली पेन्सिल, आणि दम लागल्यासारखी शेवटाकडे खाली उतरत गेलेली ओळ. हे अक्षर मीच घडवलेलं होतं. दोन वर्षांपूर्वी ह्याच खोलीत, ह्याच खिडकीखाली, दुपारच्या उन्हात बसून प्रार्थनाघराची झाडलोट करणाऱ्या बाईला मी लिहायला शिकवलं. च काढताना ती म्हणायची, ‘‘बाई, ह्याचं पोट आत जातच नाही, काय करू?’’ मी म्हणायची, ‘‘राहू दे. माझं तरी कुठे जातंय.’’ ती हसायची तेव्हा तोंडावर पदर धरायची, आणि मला उगाच वाटायचं, आपण काहीतरी चांगलं करतोय. आता तो च माझ्याकडे बघत होता. चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘चौदा तारखेला चार चाळीसला आमच्या वस्तीचा अर्ज ऑफिसात दिला होता. उद्या शेवटची सुनावणी आहे. अर्ज वेळेत दिला हे खरं आहे असं कुणीतरी म्हणावं, एवढीच प्रार्थना.’

आमच्या प्रार्थनाघराच्या दाराशी एक लाकडी पेटी आहे. ज्याला जे मागायचं ते कागदावर लिहून आत टाकायचं, नाव घालायचं नाही. देवाला पत्ता ठाऊक असतो, असं काका म्हणतात. काका म्हणजे आमचे प्रमुख. स्वतःच्या बायकोचे सोडून सगळ्यांचे काका. पाच वाजता मी पेटी उघडते, बाजूच्या खोलीत बसून चिठ्ठ्या नीट लावते, आणि सहाच्या प्रार्थनेत एकेक सगळ्यांपुढे वाचते. प्रत्येक चिठ्ठीनंतर सगळे मिळून म्हणतात, ‘ऐक, देवा.’ एकवीस वर्षं हे काम माझ्याकडे आहे. नाव नसलं म्हणून काय झालं, मला सगळे कळतात. दिवसभर ऑफिसच्या आवक खिडकीत लोकांचे अर्ज घेणाऱ्या बाईला अक्षरावरून माणूस कळला नाही तर तिने चष्मा तरी कशाला लावावा. गुडघा म्हणजे दुसऱ्या रांगेतले इंजिनियर. परदेशातल्या मुलाचा फोन यावा म्हणजे औषधांच्या दुकानवाल्याची आई. ‘मन शांत राहो’ म्हणजे माझी शेजारीण, आणि ते का शांत नाही हेही मला माहीत आहे. मी त्या चिठ्ठ्या हलक्या आवाजात वाचते, माणसाच्या खांद्यावर हात ठेवावा तसा. मला ह्याचा अभिमान होता. अभिमान होता हे आता कळतंय. तेव्हा मी त्याला सेवा म्हणत होते.

दोन महिन्यांपूर्वीची ती चौदा तारीख प्रार्थनेच्या वारी आली होती. त्या वारी मी ऑफिसातून साडेचारला निघते. ही सवलत मला जुन्या साहेबांनी तोंडी दिली होती. ‘‘जा हो, आमच्यासाठीही दोन शब्द बोला तिथे,’’ असं म्हणाले होते. ते निवृत्त झाले, नवे आले, आणि नव्यांना विचारायचं राहून गेलं. खरं सांगायचं तर राहून गेलं नाही, मी राहू दिलं. विचारलं आणि नाही म्हणाले तर? म्हणून त्या वारी साडेचारला मी पिशवी उचलायची, खुर्चीत आमच्या शिपायाला, मामांना, बसवायची आणि निघायची. साडेचारनंतर त्या खिडकीशी कुणी येतही नाही. आणि निघण्याआधी माझं एक ठरलेलं काम असायचं. शिक्क्यावर तारखेची रबरी चक्रं असतात, ती अंगठ्याने फिरवावी लागतात. सकाळी गर्दीत ती फिरवायची विसरली तर दहा-बारा अर्जांवर कालची तारीख पडते, आणि मग खाडाखोड. म्हणून मी ती आदल्या संध्याकाळीच पुढे करून ठेवते. सत्तावीस वर्षांत माझ्या शिक्क्यावर शिळी तारीख कधी पडली नाही. आपण आपलं काम चोख करावं, बाकीचं देव बघतो, असं आमचे वडील म्हणायचे. ते आयुष्यात कुठल्या मोर्चात गेले नाहीत, कुठल्या अर्जावर सही केली नाही, रस्त्यात भांडण दिसलं की छत्री उघडून पलीकडून जायचे, ऊन असो नसो. मीही तशीच चोख निघाले. फक्त माझी छत्री रबराची होती.

त्या दिवशी चार चाळीसला नदीकाठच्या वस्तीतली चाळीसएक माणसं आली. वस्ती पाडून तिथून रस्ता रुंद करायचा होता आणि हरकती घ्यायची शेवटची तारीख होती चौदा. मामांनी अर्ज घेतला, शिक्का मारला, पोच दिली. सकाळी मला म्हणाले, ‘‘बाई, काल तुम्ही गेलात आणि जत्राच आली की. एका अर्जाला एवढी माणसं मी पहिल्यांदा बघितली. सगळ्यांनी त्या कागदाला हात लावून घेतला.’’ मी वही उघडली. शिक्का पंधरा तारखेचा होता. सुबक, काळाभोर, एक दातही न चुकलेला. दुरुस्त करायला एक ओळ लागली असती: तारीख चुकून पुढची पडली. पण त्याखाली सही लागते, आणि सहीआधी कारण लागतं. कारण हे, की चार चाळीसला ह्या खुर्चीत मी नव्हते. का नव्हते? देवाकडे गेले होते. कुणाला विचारून? मी वही मिटली. एका दिवसाने काय होतंय, चाळीस माणसं आली होती, साहेब काय डोळे मिटून बसलेत, असं मी स्वतःला सांगितलं. स्वतःशी बोलताना माझा आवाज फार समजूतदार असतो.

बारा दिवसांनी उत्तर आलं: मुदतबाह्य. त्यावर वस्तीने वर दाद मागितली, तिचीच ही सुनावणी. आमच्या ऑफिसात आवक आणि जावक एकाच टेबलावर आहे, म्हणून ते पत्र पाकिटात घालून, चिकटवून, जावक क्रमांक टाकून मीच पाठवलं. पाकीट चिकटवताना जिभेला डिंकाची चव लागली, ती अजून आठवते. त्याच आठवड्यात झाडलोटवाली बाई प्रार्थनाघराच्या पायरीवर मला थांबवून म्हणाली, ‘‘बाई, पंधरा कसं आलं हो? आम्ही तर चौदालाच आलो होतो. नातवाला दवाखान्यात दाखवून तसाच कडेवर घेऊन आले होते, म्हणून मला वारसुद्धा आठवतो.’’ ती वस्तीत राहते हे मला माहीत होतं. माहीत असणं आणि ध्यानात असणं ह्यात केवढं अंतर असतं. मी म्हटलं, ‘‘ऑफिसात शिक्क्याप्रमाणे धरतात.’’ हे वाक्य खोटं नव्हतं. मी आयुष्यात फारसं खोटं बोललेली नाही, मला गरजच पडली नाही. खऱ्या वाक्यांनी माझं सगळं भागत आलं. ती म्हणाली, ‘‘हो का,’’ आणि झाडू घेऊन आत गेली. त्यानंतर ती मला भेटली की आधीसारखीच हसायची, आणि मी पिशवीत किल्ली शोधायला लागायची.

मी चिठ्ठी घडी घालून सगळ्यांत खाली ठेवली. मग वर काढली. मग पुन्हा खाली. बाजूच्या खोलीला एकच खिडकी आहे आणि तिला गज आहेत. ऑफिसातल्या माझ्या खिडकीला जाळी आहे, अर्ज सरकवण्यापुरतं खाली अर्धगोल भोक. घरच्या खिडकीलाही गज आहेत आणि त्यामागे माझी बहीण बसलेली असते. एवढ्या वर्षांत मला हे कधी मोजावंसं वाटलं नव्हतं. दारातून काका डोकावले. ‘‘झाल्या का लावून?’’ ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, ‘‘आज मागे वस्तीतली बरीच मंडळी आलीत. येऊ देत, देवाचं दार आहे. पण चिठ्ठ्यांत तसलं काही असलं तर जरा बघून घे. इथे राजकारण नको.’’ मी मान हलवली. मान हलवणं मला फार छान जमतं. काका वाईट नाहीत. माझी आई गेली तेव्हा तीन रात्री ते आमच्याकडे जमिनीवर झोपले होते. पण ते गेल्यावर मी तशीच बसले आणि मला आठवत गेलं, की गेल्या साली निवडून आलेल्या साहेबांच्या मूतखड्यासाठी आम्ही तीन आठवडे प्रार्थना केली होती. खडा पडला, पेढ्यांऐवजी आभाराची चिठ्ठी आली, तीही मी वाचली. रस्ता रुंद होऊन प्रार्थनाघराला गाड्या लावायला जागा मिळणार म्हणून आभार मानले, तेही मीच वाचले. त्यातलं काहीच राजकारण नव्हतं. राजकारण फक्त मागच्या सतरंजीवरून येतं. पुढे बाक आहेत, मागे सतरंजी. कुणी कुणाला मागे बसा म्हणत नाही, देवाच्या दारात सगळे सारखे आहेत. फक्त कुणी कुठे बसायचं ते ज्याचं त्याला आधीच ठाऊक असतं.

अन्याय म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे नेहमी मोठ्या आवाजाची, मोठ्या गाडीतली माणसं यायची, आणि मी त्यांच्यासाठी प्रार्थना करायची, त्यांना सद्बुद्धी मिळो. नाकावर घसरलेल्या चष्म्याची, पिशवीत छोटा टॉवेल ठेवणारी, अंगठ्याने एक चक्र एक घर पुढे सरकवणारी बाई कधी डोळ्यांपुढे आली नव्हती. आणि ती बाई कुणाच्या वाइटावर नव्हती, हे तर जास्तच भयंकर. ती घाईत होती, देवाची वेळ चुकू नये म्हणून. देव मला नेहमी आमच्या ऑफिससारखा वाटत आला होता: अर्ज खालून वर जातो, उत्तर वरून खाली येतं, मधल्या खिडकीत मी. मधल्या माणसाने काही मागायचं नसतं, काही अडवायचंही नसतं, फक्त पुढे सरकवायचं. आता मला समजत नव्हतं की हा अर्ज वर गेला की नाही. तो माझ्याच खिडकीशी दुसऱ्यांदा आला होता, ह्या खेपेला पेन्सिलीने लिहून.

सहा वाजता मी उभी राहिले. गुडघा वाचला. ऐक, देवा. फोन वाचला. ऐक, देवा. परीक्षा, कंबर, मन शांत राहो, वाट चुकलेल्या भावाला सुबुद्धी. वाचताना प्रत्येक वेळी मला मागची सतरंजी दिसत होती. तिथे दाटीवाटीने बसलेली माणसं प्रत्येक चिठ्ठीला म्हणत होती, ऐक, देवा. इंजिनियरांच्या गुडघ्यासाठीसुद्धा त्यांनी मनापासून म्हटलं. सहावी संपली. काकांनी हार्मोनियमच्या सुरावर बोट ठेवलं, भजन सुरू करायला. मला फक्त खाली बसायचं होतं. सातवी चिठ्ठी हातात आहे हे मला आणि त्या बाईला सोडून कुणाला माहीत नव्हतं. आणि ती माझ्याकडे बघतही नव्हती, मांडीवरच्या पोराची टोपी नीट करत होती. तिने बघितलं असतं तर मी कदाचित बसले असते. मी वाचली. नेहमीच्या हलक्या आवाजात नाही, मोठ्याने वाचली. ‘चौदा तारखेला चार चाळीसला...’ तारीख वाचताना माझा उजवा अंगठा आपोआप हलला. पुढचे बाक गप्प. सतरंजीवरून ‘ऐक, देवा’ आलं, इतकं एकदम की वरचा पंखा क्षणभर ऐकू येईनासा झाला. काकांनी बोट दाबलं आणि भजन सुरू झालं. एवढंच झालं. भिंत खचली नाही, कुणी उठून गेलं नाही. प्रार्थनेने ते गिळून टाकलं, जसा गुडघा गिळला, जशी कंबर गिळली. मला वाचल्यावर हलकं वाटेल असं वाटलं होतं आणि मला हलकं वाटलंही, हेच मला सहन होईना. पापाची कबुली न देता कबुली दिल्यासारखं वाटावं अशी किती सोय करून ठेवलीय आम्ही इथे.

सगळे गेल्यावर ती सतरंज्या झटकत होती. मी दुसरं टोक धरलं. घडी घालताना दोघी जवळ येतो, लांब जातो, पुन्हा जवळ येतो. जवळ आल्यावर ती म्हणाली, ‘‘वाचलीत. बरं केलंत.’’

‘‘ऐकलं असेल देवाने,’’ मी म्हटलं.

‘‘ऐकलंच असेल. त्याचं काही म्हणणं नाही.’’ तिने घडी छातीशी दाबून हवा काढली. ‘‘पण सुनावणीला देव नाही येत ना बाई. तिथे माणूस लागतं.’’

तिला माहीत होतं का? चेहऱ्यावरून कळलं नाही, आणि मी विचारलं नाही. माहीत असेल तर ती मला दोन महिने हसून बघत होती. माहीत नसेल तर मी शिकवलेल्या अक्षरांत ती, न कळत, नेमकी मलाच बोलावत होती. ह्या दोन्हींतलं कुठलं बरं, हे घरी पोचेपर्यंत मला ठरवता आलं नाही.

घर म्हणजे ऑफिसच्या वसाहतीतल्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या. नोकरी आहे तोवर आमच्या. धाकटी बहीण माझ्याजवळ असते. कंबरेच्या दुखण्याने तिला जिने चढता येत नाहीत, म्हणून तळमजला मिळावा ह्यासाठी मी एकदा अर्ज केला होता, आणि स्वतःच आवक केला होता. ती देव मानत नाही. मी प्रार्थनेहून आले की विचारते, ‘‘काय गं, आज किती आवक?’’ आजही तिने विचारलं. मी पाय धुतले, ताटं घेतली, आणि जेवता जेवता सगळं सांगितलं. शिक्क्यापासून चिठ्ठीपर्यंत. तिने मध्ये एकदाही थट्टा केली नाही, त्यावरून मला प्रकरण किती मोठं आहे ते कळलं.

‘‘निवृत्तीला किती महिने राहिले तुझ्या?’’

‘‘चौदा.’’

‘‘आणि हे लिहून दिलंस तर?’’

‘‘चौकशी लागेल. न विचारता जात होते, कितीतरी वर्षं. घरी बसवतील बहुतेक. मग ह्या खोल्या सोडाव्या लागतील.’’

तिने खिडकीकडे बघितलं. दिवसभर ती तिथे बसते. समोरच्या फाटकातून कोण आलं कोण गेलं हे तिला माझ्या वहीपेक्षा चोख माहीत असतं. ‘‘तू मला विचारतेयस की सांगतेयस?’’

‘‘विचारतेय.’’

‘‘मग नको करू. ह्या वयात मला घेऊन कुठे हिंडणार आहेस. त्या लोकांना दुसरा कुणी भेटेल.’’

‘‘आणि सांगत असले तर?’’

ती भात कालवू लागली. ‘‘तर जाताना तो पडदा काढून भिजत घाल. मळलाय. दुसऱ्या जागी मळका पडदा घेऊन जायचं म्हणजे, आपल्याला कुणी वळण लावलं नाही असं वाटेल.’’

सकाळी उठले तेव्हा मी काहीच ठरवलेलं नव्हतं. अजूनही टाळता येईल, असं वाटेत प्रत्येक वळणावर वाटायचं. अजूनही मागे फिरता येईल, ह्याच वाटण्याने मी दोन महिने ओढले होते. पडदा मात्र बादलीत भिजत घालून आले होते. दहा वाजता खिडकी उघडली. जाळीपलीकडे चार-पाच माणसं होती, त्यांचे अर्ज घेतले. त्यांच्या हातांकडे बघत होते मी. अर्ज देताना माणूस कागदाचं दुसरं टोक लगेच सोडत नाही, क्षणभर धरून ठेवतो. ते मी रोज बघते आणि किंचित ओढून घेते. आज ओढलं नाही. गर्दी सरल्यावर मी एक कोरा कागद घेतला. चौदा तारखेला मी साडेचार वाजता कार्यालय सोडलं. त्यासाठी माझ्याकडे लेखी परवानगी नव्हती. जाताना शिक्क्यावरील तारीख मी स्वतः पुढील दिवसाची केली होती. वस्तीचा अर्ज त्याच दिवशी चार चाळीस वाजता आला. शिपायाचा यात दोष नाही. पाच वाक्यं. सत्तावीस वर्षांत दुसऱ्यांचे लाखभर अर्ज घेतले, पण एवढा सोपा अर्ज क्वचित वाचला असेल.

मग कागदाच्या दोन प्रती केल्या, शिक्का उचलला, तारीख बघितली. आजची होती. मामा स्टुलावर बसून सुपारी कातरत होते, ते थांबले. ‘‘बाई, हा कुणाचा?’’ मी म्हटलं, ‘‘माझा.’’ शिक्का मारला. वहीत पुढच्या ओळीवर क्रमांक टाकला, वेळ लिहिली: दहा पन्नास. आता तो वहीत आला होता. आमच्या वहीत खाडाखोड चालत नाही, पान फाडता येत नाही, प्रत्येक पानावर छापील आकडा आहे. ही शिस्त मीच लावली होती. कितीतरी लोकांना मी ह्या जाळीतून सांगितलंय, एकदा आत आलेला कागद परत मिळत नाही. मामांनी वाकून वाचलं. त्यांना वाचायला वेळ लागतो, ओठ हलतात. शेवटच्या वाक्याशी ओठ थांबले. मग ते म्हणाले, ‘‘असं कशाला लिहिलंत. मीही बघायला पाहिजे होतं की.’’ मी शिक्का मारलेली दुसरी प्रत घेऊन उठले.

‘‘कुठे निघालात?’’ त्यांनी विचारलं. ‘‘आज प्रार्थनेचा वार नाही.’’

‘‘तिसऱ्या मजल्यावर. तुम्ही बसा खुर्चीत. आणि मामा, तारखेला हात लावू नका.’’

तिसऱ्या मजल्यावरच्या बोळात सुनावणीच्या खोलीचं दार बंद होतं. भिंतीला एकच लांब बाक, त्यावर वस्तीतली माणसं, बाकीची उभी. माझ्याकडे सगळ्यांनी बघितलं आणि वाट दिली, ऑफिसच्या माणसाला देतात तशी. दाराशी टेबल टाकून एक कारकून यादी करत होता. माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे बघून तो आदराने म्हणाला, ‘‘या बाई. ऑफिसची मंडळी आत बसतात, तुमची खुर्ची आत आहे.’’ दार त्याने थोडं उघडलंही. आत नवे साहेब दिसले, त्यांच्या बाजूला काका. रस्त्याच्या समितीवर काका आहेत हे मला माहीत होतं. माहीत होतं, ध्यानात नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघून ओळखीचं हसून खुर्ची दाखवली. तीन रात्री आमच्या जमिनीवर झोपलेले काका.

‘‘मी त्या बाजूने नाही,’’ मी म्हटलं.

कारकुनाला कळलं नाही. ‘‘म्हणजे वस्तीकडून का? पण तुम्ही तिथे राहत नाही ना?’’

‘‘नाही.’’

‘‘मग कोणत्या बाजूला लिहू? इथे दोनच रकाने आहेत.’’

मी त्या दोन रकान्यांकडे बघत राहिले. उलटी दिसणारी यादी वाचायची मला सवय आहे. मागे बाकावर काहीतरी सरकलं. झाडलोटवाल्या बाईने नातवाला मांडीवर उचलून घेतलं होतं आणि रिकाम्या झालेल्या वितभर जागेवरून पदराने धूळ झटकली होती. जागा फार थोडी होती, मी बसले तेव्हा आमचे गुडघे एकमेकींना लागले, आणि मला उठता येणार नाही इतकी मी दोन्हीकडून घट्ट बसले. हातातला कागद तिने बघितला. वाचू लागली, हळूहळू, एकेका अक्षरावर बोट ठेवत, मी शिकवलं होतं तसं. दार अजून अर्धं उघडं होतं. तिचं बोट चौदापाशी आलं, चार चाळीसपाशी आलं, आणि ‘मी स्वतः’ ह्या शब्दांवर येऊन थांबलं. ते बोट तिथून हलेना. मीही हलले नाही.